'बॅटल रोयाल' : पोरांना घाबरलेल्या मोठ्यांचा सिनेमा

'बॅटल रोयाल'चं नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे जपानी 'हंगर गेम्स' ना?" नाही हो. कौशुन ताकामीची कादंबरी १९९९ची, किंजी फुकासाकूचा सिनेमा डिसेंबर २०००चा आणि 'हंगर गेम्स' ही अमेरिकी कादंबरी आली २००८ साली. कुणी कुणाचं उचललं या भांडणात मला रस नाही. पण तिकडे राजधानी आहे, जिल्हे आहेत, पुढे बंडही आहे. इथे फक्त एक वर्ग आहे. सहलीला म्हणून बसमध्ये बसवलेली नववीची पोरं एका बेटावर जागी होतात, तेव्हा गळ्यात स्फोटक पट्टा असतो. तीन दिवसांत एकच जण उरायला हवा, नाहीतर सगळे खलास. कुणाच्या पिशवीत मशीनगन, तर कुणाच्या पिशवीत पातेल्याचं झाकण. नियम समजावतो तो त्यांचाच जुना मास्तर, कितानो (नट ताकेशी कितानो). सोबत एक व्हिडिओ लावतात, त्यात एक ताई मुलांच्या टीव्ही कार्यक्रमासारखी हसत, हातवारे करत मरण्यामारण्याची पद्धत सांगते. रक्तापेक्षा मला त्या ताईचीच भीती वाटली.

'हिंसक सिनेमा' म्हणून हे प्रकरण मिटवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. कादंबरीतला देश उघड हुकूमशाहीचा आहे, तिथे हा खेळ लष्कराचा म्हणून चालतो. फुकासाकूनं ते काढून टाकलं. सिनेमात सुरुवातीलाच सांगतात की बेकारी १५ टक्क्यांवर गेली, ८ लाख विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला, मोठ्यांना पोरांची धास्ती बसली आणि त्यांनी या खेळाचा कायदा केला. कुणी हुकूमशहा नाही. रीतसर मंजूर झालेला कायदा आहे.

आता खऱ्या जपानमध्ये काय चाललं होतं बघा. १९९७मध्ये कोबे शहरात १४ वर्षांच्या मुलानं लहान मुलांचे खून केले आणि अख्खा देश हादरला. मे २०००मध्ये १७ वर्षांच्या मुलानं सुरा घेऊन बस पळवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानच्या संसदेनं बालगुन्हेगारी कायदा बदलला, फौजदारी शिक्षेचं वय १६ वरून १४ वर आणलं. आणि त्याच सुमारास कोकी इशी हे विरोधी पक्षाचे खासदार संसदेत या सिनेमाविरुद्ध उभे राहिले. पोरांना घाबरून कायदा करणाऱ्या देशाची गोष्ट, पोरांना घाबरून कायदा करणाऱ्या संसदेत चर्चेला! सिनेमाला इतकी फुकट जाहिरात क्वचितच कुणी केली असेल. गल्ला ३ अब्ज येनच्या वर गेला. पंधराच्या आतल्यांना मात्र थिएटरात बंदी होती, म्हणजे ज्या वयाची पोरं पडद्यावर मरतात त्यातल्या बऱ्याच जणांना तो बघता येईना.

फुकासाकू तेव्हा सत्तरीचा होता. १९४५मध्ये पंधराव्या वर्षी तो शस्त्रांच्या कारखान्यात राबत होता. तोफांचा मारा झाला की पोरं एकमेकांच्या अंगाखाली शिरायची, आणि नंतर मेलेल्या सोबत्यांचे तुकडे उचलायचं कामही वाचलेल्यांकडेच. मोठ्यांवरचा त्याचा विश्वास तिथेच उडाला, असं तो सांगायचा. हे माहीत झाल्यावर दीपगृहाचा प्रसंग वेगळाच दिसतो. (स्पॉयलर आहे, न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद गाळा.) सहा मैत्रिणी मारामारीपासून लांब राहून एकत्र लपल्यात, स्वयंपाक करतायत, थट्टामस्करी चाललीय. त्यातल्या एकीनं भीतीपोटी नायकासाठी जेवणात विष कालवलंय. भलतीच मुलगी ते खाते. मग "तूच केलंस" म्हणत बंदुका निघतात आणि जिवाभावाच्या मैत्रिणी बघता बघता एकमेकींना संपवतात. विष कालवणारी तेवढी उरते. यात कुणीही वाईट नाही. वर्षभर एका बाकावर बसूनही भरवसा कसा कच्चा असतो, हे यापेक्षा नेमकं मी कुठेच पाहिलेलं नाही.

सगळंच जमलंय असं नाही. कादंबरीतला किरियामा नावाचा मुलगा सरकारशी लढायचं की खेळ खेळायचा, हे नाणं उडवून ठरवतो. अंगावर काटा येतो वाचताना. सिनेमात तो स्वतःहून आलेला मुका मारेकरी झालाय, गेममधल्या शेवटच्या व्हिलनसारखा. नायक-नायिकेचं प्रेमही मला फिकं वाटलं. कितानोसमोर ती दोघं टिकतच नाहीत.

आपल्याकडे ज्यांनी या सिनेमाचं नाव ऐकलेलं नाही, तेही त्याचा खेळ खेळलेत. पबजीच्या निर्मात्याला कल्पना सुचली ती यातूनच, आणि त्या जातीच्या गेम्सना नावही हेच पडलं. फक्त गेममध्ये समोरचे अनोळखी असतात. ओळखीच्यांना मारावं लागणं, हा सिनेमाचा गाभाच तिथे गळून गेला. राजकोटला पबजी खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना पोलिसांनी २०१९मध्ये धरलं होतं, तेव्हा मला फुकासाकू फार आठवला.

दुसऱ्या भागाच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्याचं शूटिंग नुकतंच सुरू झालं असताना जानेवारी २००३मध्ये फुकासाकू कॅन्सरनं गेला. पटकथाकार असलेला त्याचा मुलगा केंता यानं तो पुरा केला. बापाची उमेद पोरानं निभावली याचा आदर आहे, पण तिथे पात्रं बोलत नाहीत, भाषणं ठोकतात.