मांजरीने रेल्वे वाचवली म्हणे!

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट फिरून येते. परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आली, सोबत टोपी घातलेल्या मांजरीचा फोटो. गोष्ट अशी: जपानमधली एक खासगी रेल्वे कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. तिच्या एका ओसाड स्टेशनात एक भटकी मांजर राहायची. कंपनीच्या मालकाने तिला स्टेशनमास्तर केलं, प्रवाशांची रीघ लागली, मांजरीने एका वर्षात ११० कोटी येन कमावून दिले आणि बुडती रेल्वे नफ्यात आली. शेवटी बोध: डोकं चालवलं की सरकारच्या पैशांची गरज पडत नाही.

मांजर खरी आहे, तिचं नाव तामा. टोपीही खरी, तिच्या डोक्याच्या मापाने शिवून घेतलेली. बाकीचं एकेक बघू.

आधी ती 'दिवाळखोर कंपनी'. ही किशिगावा लाइन, वाकायामा ते किशी, जेमतेम १४.३ किलोमीटर आणि १४ स्टेशनं. १९१६ साली एका छोट्या कंपनीने ती सुरू केली ती वाकायामाच्या आसपासच्या तीन मोठ्या देवस्थानांना जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी. किशीपर्यंत रूळ पोचायला १९३३ उजाडलं. पुढे कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि १९६१ साली लाइन नानकाईकडे आली. ओसाकाहून कान्साई विमानतळाला गाड्या सोडते तीच नानकाई. एवढी मोठी कंपनी, ती कसली दिवाळखोर! हा एक फाटा मात्र तिच्या अंगावर पडत होता. १९७४ साली इथे वर्षाला ३६ लाखांवर प्रवासी होते, २००५ पर्यंत ते सुमारे १९ लाखांवर आले, आणि तोटा वर्षाला ५० कोटी येनच्या घरात गेला. २००४ मध्ये नानकाईने सांगून टाकलं की आम्ही ही लाइन सोडतोय.

इथून पुढचं वर्ष-दीड वर्ष फॉरवर्डमध्ये नाहीच. मला विचाराल तर खरी गोष्ट तीच आहे. लाइनीवरच्या रहिवाशांनी संघटना काढली. वर्गणी वर्षाला १,००० येन, आणि सभासद झाले सुमारे ६,०००. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला कोरम भरत नाही, म्हणून हा आकडा मी दोनदा वाचला. गाडी बंद झाली तर शाळेच्या पोरांनी जायचं कसं, गाडी चालवणं सुटलेल्या म्हाताऱ्यांनी दवाखान्यात कसं पोचायचं, हे प्रश्न त्यांच्या घरातले होते. मग सरकारं हलली. रुळांखालची जमीन वाकायामा शहर आणि किशिगावा गाव यांनी नानकाईकडून विकत घेतली, तिचे पैसे प्रांताने दिले. नव्या चालकाला ती जमीन फुकट वापरायला मिळणार होती. शिवाय दहा वर्षांत मिळून ८२ कोटी येनपर्यंतचा तोटा भरून देण्याची हमी. एवढं हातात ठेवून, ही लाइन कोण चालवतं, म्हणून जाहीर विचारणा झाली आणि ओकायामात ट्राम चालवणारी कंपनी निवडली गेली. तिने २००५ च्या जूनमध्ये 'वाकायामा डेंतेत्सू' ही नवी कंपनी काढली. १ एप्रिल २००६ पासून गाड्या तिच्या.

तामा स्टेशनमास्तर झाली ५ जानेवारी २००७ ला. म्हणजे लाइन वाचून नऊ महिने झाल्यावर. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न तिच्या डोक्यावर टोपी चढण्याआधीच सुटला होता.

प्रवाशांचंही तसंच. जपानचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च. नव्या कंपनीच्या पहिल्या वर्षात प्रवासी १९ लाखांवरून २१ लाखांच्या आसपास गेले, आणि त्या वर्षातले शेवटचे तीनच महिने तामा खुर्चीत होती. त्याआधी, ऑगस्ट २००६ मध्ये, कंपनीने डिझायनर एइजी मितोओका यांच्याकडून एक जुनी गाडी सजवून घेतली होती: बाहेरून पांढऱ्या रंगावर लाल स्ट्रॉबेऱ्या, आत लाकडी बाकं. किशिगावाची स्ट्रॉबेरी प्रसिद्ध, म्हणून.

आता 'भटकी'. तामा किशी स्टेशनला लागून असलेल्या दुकानदारीणबाईंची मांजर. तिचं खोपटं स्टेशनशेजारी होतं, पण जागेची मालकी बदलली आणि ते हलवणं भाग पडलं. तेव्हा बाईंनी नव्या कंपनीचे अध्यक्ष मित्सुनोबू कोजिमा यांना गळ घातली की मांजरांना स्टेशनातच राहू द्या. आणि स्टेशनात जागा का होती? तर खर्च कमी करायला कंपनीने किशीवरची माणसं काढून घेतली होती. भाडं गाडीतच, ड्रायव्हरशेजारच्या पेटीत पडायचं. स्टेशनमास्तरची खुर्ची रिकामी होती, म्हणून त्यावर मांजर बसली! पगार म्हणून मांजरांचं खाणं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ही कपात 'कल्पकता' वाटली असेल, तर वाटो.

११० कोटी येन हा आकडा हवेतला नाही, पण तो रेल्वेच्या गल्ल्यातलाही नाही. तामाच्या पहिल्या वर्षाचा आसपासच्या अर्थव्यवस्थेवर किती परिणाम झाला, याचा तो एका अर्थशास्त्रज्ञाचा अंदाज आहे. त्यात पर्यटकांचा सगळा खर्च, फोटोंची पुस्तकं, फुकट मिळालेली प्रसिद्धी, सगळं धरतात. एखाद्या जत्रेत एकूण दहा लाखांची उलाढाल झाली म्हणून ते दहा लाख देवळाच्या दानपेटीत पडत नाहीत.

तामाचं श्रेय काढून घ्यायचं नाही मला. तिच्यामुळे परदेशातून माणसं या फाट्यावर आली, २००९ पासून तिच्या चित्रांची गाडी धावली, २०१० मध्ये किशीचं स्टेशन मांजरीच्या तोंडासारखं, वर दोन कान काढून नव्याने बांधलं गेलं. जून २०१५ मध्ये ती गेली तेव्हा कंपनीने अंत्यविधी केला, आणि प्लॅटफॉर्मवर तिचं छोटं देऊळ आहे. तिची जागा नितामा नावाच्या दुसऱ्या मांजरीने घेतली.

राहिलं 'नफ्यात आली'. तामाच्या शेवटच्या वर्षांत, मांजरीचं नाव जगभर झालेलं असताना, प्रवासी होते वर्षाला सुमारे २३ लाख. १९७४ चे ३६ लाख फार लांब राहिले. तोटा कमी झाला, गेला नाही. दहा वर्षांची हमी २०१६ मध्ये संपली तेव्हा प्रांत आणि गावं पुन्हा टेबलाशी बसली, कारण रूळ, गाड्या आणि विजेची यंत्रणा बदलायचा खर्च तिकिटांतून निघत नव्हता. त्याच वर्षी तिकीटही वाढलं.