सलग बावीस सीरिज जिंकल्यात, तरी मी आकडे बदलत नाहीये (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

तुमची कमेंट दोनदा वाचली. राग जाणवला, पण मुद्दे नीट आहेत, म्हणून दोन ओळीत आभार मानून सोडून द्यावंसं वाटलं नाही. आता जे नव्याने वाचतायत त्यांच्यासाठी आधी विषय सांगतो. मागच्या लेखात मी बेसबॉलच्या सीरिजवरची वाढत्या बेटची सिस्टीम तपासली होती. एमएलबीत, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये, दोन टीम्स बहुतेक वेळा एकाच ग्राउंडवर सलग तीन, कधी चार मॅच खेळतात, त्यातली चांगली टीम धरायची आणि ती तीनातली एक तरी जिंकेल असं मानून पहिल्या मॅचवर पैसे लावायचे, हरली तर दुसऱ्या मॅचवर आधीचं नुकसान भरून वर १०० डॉलर निघतील इतके, तीही हरली तर तिसरीवर अजून जास्त. कुठेही एक जिंकली की १०० खिशात आणि ती सीरिज बंद. या तिन्हींना ए बेट, बी बेट, सी बेट म्हणतात. मी लिहिलं होतं की लांबच्या हिशोबात हे तोट्यात जातं.

तुम्ही लिहिलंत की एसीत बसून एक्सेलवर टेस्ट करणाऱ्यांना खेळ कळत नाही, मी रोजचे ऑड्स (बुकीचा भाव) आणि स्टार्टिंग पिचर (मॅचची सुरुवात करणारा बॉल टाकणारा) बघितलेच नाहीत, चांगली टीम तीन सलग हरणं हा अपवाद असतो, आणि तुम्ही स्वतः या सीझनला बावीस सीरिज सलग जिंकलाय, सी बेटपर्यंत फक्त दोनदा जावं लागलं.

ऑड्सचा मुद्दा मान्य. मी तिन्ही मॅचला मायनस दीडशे (म्हणजे १०० जिंकायला १५० लावायचे) असा एकच भाव धरला होता, कारण रेट्रोशीट या वेबसाइटवर जुन्या मॅचचे निकाल फुकट मिळतात पण ऑड्स मिळत नाहीत. खरं तर रोज पिचर बदलतो, भाव बदलतो, हे मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं, ते राहिलं आणि ती माझी चूक. पण म्हणून निकाल बदलतो का, ते पुन्हा करून बघितलं.

आधी जुना हिशोब. मायनस दीडशेला पहिली बेट १५०, दुसरी ३७५, तिसरी ९३७.५०, तिन्ही गेल्या तर १४६२.५० डॉलर गेले. बुकीचा भाव म्हणतो जिंकायची शक्यता ६० टक्के, त्यातला त्याचा कट काढून मी खरी ५८ धरली, म्हणजे तिन्ही हरायची शक्यता साधारण ७.४ टक्के. दर सीरिजला सरासरी पावणेसोळा डॉलर तोटा येतो. आता तुमच्या म्हणण्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी समोर त्यांचा एस (सगळ्यात भारी) पिचर आहे आणि आपली टीम प्लस एकशेवीसवर (म्हणजे १०० लावले तर १२० जिंकायचे) गेलीय असं धरू, खरी शक्यता साडेत्रेचाळीस टक्के. सी बेट आता साधारण ५२१ ची पुरते, एकूण जोखीम १०४६ च्या आसपास येते, पण तिन्ही हरायची शक्यता जवळजवळ १० टक्क्यांवर जाते. सरासरी तोटा १४ डॉलरच्या थोडा वर. म्हणजे भाव हलवला की जोखीम आणि शक्यता दोन्ही एकदम हलतात आणि तोटा तिथंच राहतो, कारण तोटा येतो बुकीच्या कटमधून आणि कट प्रत्येक बेटवर लागतो, तुम्ही त्या कुठल्याही क्रमाने लावा.

आता ती गोष्ट जी मला खरंच सगळ्यांना कळावी असं वाटतं. या सिस्टीम विकणारे सांगतात ९५ टक्के, ९७ टक्के सीरिज जिंकतो आम्ही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं बाप रे, काय अभ्यास असेल! अहो, मायनस दीडशेच्या तीन बेट एकामागे एक लावल्या की नुसतं बरोबरीत सुटायलाच ९३.६ टक्के सीरिज जिंकाव्या लागतात. मायनस दोनशे घेतले तर बेट २००, ६००, १८०० अशा जातात, एकूण २६०० अडकतात १०० साठी, आणि बरोबरीलाच ९६.३ टक्के लागतात. म्हणजे तो मोठा टक्का अभ्यासातून येतच नाही, बेटच्या रचनेतूनच येतो. मी डोळे मिटून फेव्हरिट निवडले तरी शंभरातल्या नव्वदच्या वर सीरिज ‘जिंकेन’, आणि पैसे मात्र घालवेन.

चांगली टीम तीन सलग हरणं अपवाद आहे म्हणालात, तर २०१७ चे लॉस एंजेलिस डॉजर्स घ्या. त्यांच्याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. २५ ऑगस्टपर्यंत ते ९१-३६ वर (९१ जिंकल्या, ३६ हरल्या) होते, अख्ख्या लीगमध्ये तेव्हा त्यांच्याएवढी भारी टीम नव्हती, सीझन संपला १०४-५८ वर, पुढे वर्ल्ड सीरिज, म्हणजे लीगची फायनलही खेळले. याच टीमने २६ ऑगस्टपासूनच्या १७ मॅचमध्ये १६ हरल्या. २९ ते ३१ ऑगस्ट अॅरिझोनात तिन्ही गेल्या. मग सॅन दिएगोत पहिली मॅच १-० ने जिंकली, म्हणजे आपल्या सिस्टीमच्या हिशोबात ती सीरिज विनर (आणि त्यानंतर त्याच सीरिजमधल्या पुढच्या तिन्ही हरल्या, ते सिस्टीम बघतच नाही). मग घरी, स्वतःच्या ग्राउंडवर, अॅरिझोनाकडून परत तिन्ही. मग कोलोरॅडोकडून चारपैकी चार. तेरा दिवसांत चार सीरिज, तीन पूर्ण बुडाल्या. सगळीकडे मायनस दीडशे धरलं (घरच्या मॅचला प्रत्यक्षात याहून महाग भाव असणार) तरी ४३८७.५० गेले, १०० आले. ते भरून काढायला ४३ सीरिज सलग जिंकायला हव्यात, आणि एका टीमच्या अख्ख्या सीझनमध्ये सीरिज होतात साधारण पन्नास.

यावर कोणी म्हणेल ते एक विचित्र वर्ष होतं. म्हणून हेही करून बघितलं. १६२ पैकी १०४ जिंकणारी टीम म्हणजे ६४ टक्के. दर मॅचला ३६ टक्के हरायची शक्यता, ती तीनदा गुणली की साडेचार टक्क्यांच्या आसपास. पन्नास सीरिजमध्ये दोन-तीनदा स्वीप होणं (सीरिजमधल्या सगळ्या मॅच हरणं) हे त्या टीमचं नॉर्मल आयुष्य आहे. बेसबॉल असाच खेळ आहे हो, इथे सगळ्यात भारी टीमसुद्धा दहातल्या तीन-चार हरते, २००१ च्या मरिनर्सनी ११६ जिंकल्या तरी ४६ हरल्याच, आणि २०२४ मध्ये १२१ हरणाऱ्या व्हाइट सॉक्सनीसुद्धा ४१ वेळा कोणाला तरी हरवलं.

पिचर बघून खेळा म्हणालात ना, मग ७ सप्टेंबर २०१७ बघा. कोलोरॅडोविरुद्ध पहिल्या मॅचला डॉजर्सकडून क्लेटन कर्शॉ होता. त्याच्यापेक्षा भरवशाचा पिचर त्या काळात मी तरी सांगू शकत नाही, आणि डॉजर्स ९-१ हरले. पिचर बघून खेळणाऱ्याने त्या दिवशी सगळ्यात महाग भावाने ए बेट लावली असती, म्हणजे पुढची बी आणि सी पण तितकीच फुगली असती.

तुमच्या कमेंटच्या शेवटी एक वाक्य आहे की सी हरलीच तर थांबायचं कशाला, पुढच्या मॅचला चालू ठेवायचं, कधीतरी जिंकणारच. हे वाचून मला काळजी वाटली. दादरला आमच्या गल्लीत एकजण मटक्याचा एकच आकडा धरून रोज रक्कम वाढवत बसायचे, त्यांचंही वाक्य हेच होतं, आणि शेवटी घरातली भांडी गेलेली मी बघितलीयत. मायनस दीडशेला प्रत्येक पुढची बेट अडीचपट होते. डॉजर्स २ सप्टेंबरपासून ११ सलग हरले. अकरावी मॅच सॅन फ्रान्सिस्कोत होती, पावसामुळे तिथल्या रात्री दोननंतर संपली, इथे न्यू जर्सीत पहाटेचे पाच वाजून गेले होते. त्या मॅचवर तुमच्या नियमाने १४ लाख ३० हजार डॉलर लावावे लागले असते आणि ती हरल्यावर एकूण गेले असते २३ लाख ८४ हजार. जिंकलो असतो तर फायदा १०० डॉलर. पुढच्या रात्री ते जिंकले, बरोबर आहे तुमचं, कधीतरी जिंकतातच. पण तोपर्यंत एवढे पैसे कोणाकडे उरलेले असतात, आणि एवढी बेट घेतं कोण?

आता तुमच्या बावीस सीरिज. मी त्या खोट्या म्हणत नाहीये, अजिबात नाही. माझ्याच आकड्यांनी, म्हणजे काही खास अभ्यास नसलेल्या माणसाने, बावीस सलग जिंकायची शक्यता १८ टक्के आहे. शंभर जणांनी सुरू केलं तर अठरा जण आज तुमच्याच जागी आहेत, आणि उरलेले ब्याऐंशी कमेंट करायला येत नाहीत. तुम्ही दोनदा सीपर्यंत गेलात, त्या दोन्ही रात्री शंभर डॉलरसाठी तुमचे १४६२ टेबलावर होते, आणि दोन्ही वेळा वाचायची शक्यता तीनात एक होती. सध्या तुम्ही २२०० ने पुढे आहात. एक सीरिज गेली तर ७३७ उरतात, दोन गेल्या तर ७२५ ने मागे. अजून तीस सीरिज खेळणार म्हणताय, त्या सगळ्या न हरता पार पडायची शक्यता १० टक्के आहे.

दोन हरल्यावर टीम चवताळून खेळते हेही लिहिलंत. खेळत असेलही, पण समोरची पण टीमच आहे, आणि दोन मॅचमध्ये बुलपेन (मॅचच्या मध्ये येणारे बदली पिचर) पिळून निघालेलं असतं. सी बेटला जिंकायची शक्यता त्या दिवशीच्या मॅचची असते, आधीचे दोन पराभव त्यात काही भर घालत नाहीत. वाढते ती फक्त तुमची रक्कम.

आणि समजा तुमचा अभ्यास खरंच बुकीपेक्षा सरस आहे, हे शक्य आहे, असे लोक असतात. मग तर ही सिस्टीम अजिबातच नको. जॉन केलीने १९५६ मध्ये, आमच्याच न्यू जर्सीच्या बेल लॅब्जमध्ये असताना दाखवलंय की खरा फायदा हातात असेल तर रक्कम ठरवायची ती आपला एज (बुकीवरचा फायदा) किती आणि खिशात आत्ता किती यावरून. त्या हिशोबात हरल्यावर रक्कम कमी होते. इथे आपण बरोबर उलटं करतोय, काल किती हरलो त्यावरून आजची रक्कम ठरवतोय.

तर मला एक मदत करा. बावीस सीरिजमधल्या सगळ्या बेट, ए बी सी वेगवेगळ्या, प्रत्येकीपुढे तुम्ही घेतलेला भाव आणि मॅच सुरू होताना असलेला शेवटचा भाव, असं लिहून पाठवा. तुम्ही मायनस एकशेचाळीसला घेतलं आणि मॅचच्या वेळी ते मायनस एकशेसाठवर गेलं, असं पुन्हा पुन्हा दिसलं, म्हणजे बाजाराच्या आधी तुम्ही ओळखलं होतं, तर तुमच्यात खरंच काहीतरी आहे आणि मी ते याच ठिकाणी तुमच्या नावाने मान्य करेन. त्याच मॅच प्रत्येकी सारख्या रकमेने लावल्या असत्या तर काय झालं असतं तेही शेजारच्या कॉलमात मांडतो. ती शीट तयार होईपर्यंत एवढंच ऐका, पुढची सीरिज पहिल्या दोन मॅच हरली तर तिसरीला हात लावू नका.