मामा, तुमची गरज काय?

कॅमेरा घ्यायचाय असं मी जेवताना सहज बोलून गेलो आणि 'तुमची गरज काय?' हा प्रश्न हात धुऊन माझ्या मागे लागला. पंखा घेताना हे कुणी विचारत नाही. कॅमेऱ्याचं मात्र आधी गरज सांगा, मग बजेट सांगा, तोवर पुढचं बोलणं नाही.

मी म्हटलं, "फोटो काढायचेत."

भाच्याने उसासा सोडला. "मामा, कसले? पोर्ट्रेट, लँडस्केप, मॅक्रो, वाइल्डलाइफ?"

"माणसांचे. जमलं तर हसणाऱ्या."

माझा डोळा 24 मेगापिक्सेलवर होता. 12 च्या दुप्पट म्हणजे फोटो दुप्पट चांगला, हे माझं गणित. भाच्याने कागद ओढला. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. दुप्पट होतात ते एकूण ठिपके. लांबी-रुंदी वाढते जेमतेम 1.4 पट. आणि 6 बाय 4 इंचाच्या प्रिंटला इंचाला 300 ठिपके धरले, तरी 1800 गुणिले 1200, म्हणजे साधारण 2 मेगापिक्सेल झाले.

"मग उरलेले 22 कशाला?"

"क्रॉप करायला, म्हणजे कडा कापायला, मामा."

आमच्याकडच्या ग्रुप फोटोंत नको ती मंडळी नेमकी कडेलाच उभी असतात, त्यामुळे हे कारण मला लगेच पटलं.

1975 साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तो 0.01 मेगापिक्सेलचा होता. वजन साडेतीन किलोच्या वर आणि एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. पण निवडायची कटकट नव्हती, हा केवढा मोठा फायदा!

"मेगापिक्सेल सोडा, सेन्सर बघा," भाचा म्हणाला. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा. खिशात मावणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर मात्र 1/2.3 इंच असं काहीतरी लिहिलेलं असतं. मी भागाकार केला, 11 मिलिमीटर आले. प्रत्यक्षात त्या सेन्सरची रुंदी 6 मिलिमीटरच्या आसपास भरते! चौकशीअंती कळलं, की हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलंय. नळ्या केव्हाच गेल्या, माप राहिलं. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ याच्या 30 पट, आणि प्रकाश गोळा करायचा तर क्षेत्रफळालाच महत्त्व. हे मात्र खरं आहे, विनोद नाही.

लेन्सचा कारभार त्याहून उफराटा. प्रकाश आत घेणारं छिद्र एफ/4 पेक्षा एफ/1.8 चं मोठं. लेन्सच्या फोकल लेंग्थला, म्हणजे लांबचं दृश्य स्पष्ट उमटतं तिथवरच्या अंतराला, छिद्राच्या व्यासाने भागायचं, म्हणून छिद्र मोठं तसा आकडा लहान. आकडा उतरतो आणि किंमत चढते, असा हा एकमेव बाजार मी पाहिला. डिजिटल झूमची जाहिरात तर फुकटची. तो घरी बसून कडा कापण्याचाच प्रकार. ऑप्टिकल, म्हणजे लेन्सचा खरा झूम किती आहे, तेवढंच विचारावं.

बजेटबद्दल फार बोलत नाही, जीव कासावीस होतो. मनात धरलेल्या आकड्यात बसणारं एक खोकं सापडलं, त्यावर 'बॉडी ओन्ली' लिहिलेलं. म्हणजे धड मिळेल, डोळा वेगळा विकत घ्या. मग कार्ड, जादा बॅटरी, बॅग, ट्रायपॉड.

तरी माझी गरज वाढतच होती. सेकंदाला 20 फोटो काढणारा कॅमेरा दिसला आणि मला उडत्या पक्ष्यांविषयी एकाएकी जिव्हाळा वाटू लागला. पावसाची झड सोसणारा दिसला, तेव्हा मी भर पावसात डोंगरावर उभा असल्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं. एरवी पाऊस आला की खिडकी लावायला पहिला मी धावतो. तारांगणाचे फोटो काढायचा बेतही मी बोलून दाखवला.

"अहो, तुम्ही रात्री दहाला घोरायला लागता," बायको म्हणाली. "आणा तो मोबाइल इकडे."

तिने माझी गॅलरी उघडून बोटाने सरकवायला सुरुवात केली. विजेच्या मीटरचा आकडा. चष्म्याच्या नंबरची चिठ्ठी. गाडी लावलेल्या खांबावरचं 'बी-14'. पुन्हा मीटर, या वेळी आकडा हललेला. राउटरच्या पाठीवरचा पासवर्ड. मधेच पुतणीचा एक फोटो, त्यात पुतणी अर्धी. मग दुकानातल्या कॅमेऱ्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या, ओळीने.

"ही तुमची गरज," ती म्हणाली.

भाचासुद्धा गप्प झाला. रागावता येईना, कारण पद्धत बिनतोड होती. आपण काय काढणार आहोत हे विचारण्यापेक्षा आजवर काय काढलंय ते बघितलं, तर निम्मे कॅमेरे आपोआप यादीतून गळतात.

दुकानात गेल्यावर काउंटरवरच्या मुलाने हसून तोच प्रश्न टाकला. या वेळी मी तयार होतो. "मीटर, चिठ्ठ्या, पार्किंगचा खांब आणि कधीतरी माणसं."

मला वाटलं, सगळ्यात लहान कॅमेरा पुढ्यात येईल. मुलगा क्षणभरही अडखळला नाही. "पार्किंगमध्ये अंधार असतो, सर. तुम्हाला फुल फ्रेमच लागणार. लेन्स एफ/1.8."

शास्त्र म्हणून त्यात खोट काढायला जागा नव्हती. मी आशेने वळून बायकोकडे पाहिलं. ती पलीकडच्या काउंटरवर टॉर्चची किंमत विचारत होती.