पिंपल, प्लेटोची कोंबडी आणि अडतीसावी युक्ती

काल रात्री टिळक रोडला कट्ट्यावर स्टोइक्या आणि मिश्या परत जुंपले आणि या वेळी गाडी थेट स्किनकेअरवर गेली. स्टोइक्या म्हणजे आमचा हिंजवडीवाला, मार्कस ऑरेलियस, म्हणजे मन ताब्यात ठेवा म्हणणाऱ्या स्टोइक पंथातला रोमन सम्राट, वाचायला लागल्यापासून गार पाण्याने अंघोळ करतो आणि ट्रॅफिकमध्ये कुणी कट मारला तरी शिवी देत नाही. मिश्या नीत्शेवाला, म्हणजे आपल्या नशिबावर प्रेम करा आणि हेच आयुष्य अनंत वेळा परत येणार असं धरून चला म्हणणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञाचा भक्त, मिशीही त्याच मापाची ठेवलीय. दोघं भारी वाचतात हं, उगाच रील बघून बोलणाऱ्यातले नाहीत, म्हणूनच हे सगळं लिहून काढावंसं वाटलं.

मिश्या म्हणाला, काय रे, सगळं आतून कंट्रोल करतोस म्हणे, मग नाकाच्या शेंड्यावर हा काय उगवलाय? स्टोइक्या म्हणाला, आमच्या स्टोइकांचा गुरू एपिक्टेटस, त्याने सुरुवातीलाच सांगून ठेवलंय काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, आणि हातात नसलेल्यांच्या यादीत पहिलं नाव शरीराचं आहे, तेव्हा पिंपल माझ्या हातात नाही, पिंपलबद्दलचं माझं मत माझ्या हातात आहे. मिश्या म्हणे, आणि बॅगेतला तो फेसवॉश कुणाच्या हातात असतो रोज सकाळी? इथे सगळे खिदळले, पण स्टोइक्याही काही कमी नाही, तो म्हणाला तू आधी तुझं बघ, तू नशिबावर प्रेम करणारा ना, मग ते गालावरचे खड्डे आहेत त्यांच्यावर प्रेम कर, आणि हाच पिंपल याच जागी अनंत वेळा परत येणार आहे असं एखाद्या राक्षसाने रात्री येऊन सांगितलं तर हो म्हण. मिश्या म्हणाला, परत तर तो दर महिन्याला येतोच, वेगळा होकार कशाला द्यायचा.

मग शास्त्री घुसला. शास्त्री भांडारकर संस्थेत पोथ्या चाळत बसतो दिवसभर आणि त्याला न्यायदर्शन, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, सोडून बाकी सगळं हवेतलं वाटतं. त्याने त्यातलं रीतसर पाच भागांचं, पंचावयव वाक्य मांडलं. प्रतिज्ञा, याला पिंपल येणार. हेतू, कारण याने काल रात्री दोन वडापाव हाणले. उदाहरण, जो जो रात्री वडापाव हाणतो त्याला त्याला पिंपल येतो, जसा मिश्या. उपनय, हाही तसाच. निगमन, म्हणून याला पिंपल येणार. आणि वर म्हणाला, आता यातली चूक काढा. चूक ताईने काढली, ताई म्हणजे आमच्या ग्रुपची फार्मसीवाली. ती म्हणाली, मी आयुष्यभर वडापाव खातेय आणि मला एक पिंपल नाही, तुझी व्याप्ती, म्हणजे जिथे वडापाव तिथे पिंपल हा नियम, गेली. शास्त्री एकदम खूश, म्हणाला बरोबर, हेतू सव्यभिचार आहे, वडापाव असतो तिथे पिंपल असतोच असं नाही, हा हेत्वाभास, म्हणजे कारण वाटतं पण कारण नाही. डोंगरावर धूर दिसला तर आग आहे म्हणता येतं कारण धूर आगीशिवाय कुठे सापडत नाही, वडापावचं तसं नाही. मला स्वतःला संध्याकाळचा हा भाग सगळ्यात आवडला, कारण इथे थट्टेतून काहीतरी शिकायला मिळत होतं.

त्यानंतर सल्ल्यांचा नुसता पाऊस. डायोजिनीस या ग्रीक फक्कड तत्त्वज्ञाला विचारा, तो म्हणेल सनस्क्रीन नको, फक्त उन्हातून बाजूला हो, अलेक्झांडर समोर येऊन उभा राहिला तेव्हा माझं ऊन अडवू नकोस, तेवढंच सांगितलं होतं त्याने. सगळ्यावर शंका घेणाऱ्या देकार्तला विचारा, तो म्हणेल आरशावर विश्वास ठेवू नकोस, एखादा दुष्ट राक्षस तुला पिंपल दाखवत असेल. जर्मन तत्त्वज्ञ कांटची रूटीन घ्या, रोज ठरल्या वेळी फिरायला जा आणि घाम येईल असं वाटलं की सावलीत थांब. मार्कस ऑरेलियसला तर विचारूच नका, त्याने स्वतः लिहून ठेवलंय की अंघोळ म्हणजे काय तर तेल, घाम, मळ आणि तवंग आलेलं पाणी, आणि आयुष्याचा प्रत्येक भाग असाच.

इथपर्यंत सगळं मस्त चाललं होतं. मग स्टोइक्याने नीत्शेच्या पुनरावर्तनावर एक खरोखर चांगला प्रश्न टाकला, की मागच्या फेरीची आठवणच नसेल तर हीच गोष्ट परत आली काय आणि पहिल्यांदा आली काय, मला काय फरक पडतो? मिश्याला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि तो म्हणाला, आधी स्किन क्लिअर कर, मग मेटाफिजिक्स बोल. झालं, टाळ्या, शिट्ट्या, प्रश्न गेला उडत.

मी तिथे अडवलं आणि अजूनही माझं म्हणणं तेच आहे. शोपेनहाउअर या जर्मन तत्त्वज्ञाने वाद जिंकायच्या ३८ युक्त्या लिहून ठेवल्यात, त्यातली शेवटची, अडतीसावी अशी की समोरचा वरचढ ठरतोय, आपण हरतोय असं दिसलं की मुद्दा सोडा आणि माणसावर घसरा, अपमान करा, उद्धट बोला. तो म्हणतो ही सगळ्यांची लाडकी, कारण ती कुणालाही जमते. म्हणजे मिश्या स्किनवर आला त्या क्षणी त्याने आपण हरल्याची पावतीच फाडली.

मिश्या असा गप्प बसतोय थोडीच. त्याचं म्हणणं, शिव्या देणं ही तत्त्वज्ञांची जुनी परंपरा आहे, आणि शोपेनहाउअर कुठला सज्जन लागून गेला, त्याच काळातल्या हेगेल या तत्त्वज्ञाला सरळ भोंदू म्हणायचा, बर्लिनमध्ये १८२० साली मुद्दाम हेगेलच्याच वेळेला आपलं लेक्चर लावलं होतं त्याने. आणि डायोजिनीस? प्लेटोने माणसाची व्याख्या केली की माणूस म्हणजे पिसं नसलेला दोन पायांचा प्राणी, लोकांनी वाहवा केली, तर या पठ्ठ्याने कोंबडी सोलून आणली आणि म्हणाला हा घ्या प्लेटोचा माणूस. ती थट्टा चालते आणि माझी चालत नाही?

आता इथे मला जे म्हणायचंय ते नीट म्हणतो. डायोजिनीसची कोंबडी प्लेटोच्या तोंडावर नव्हती, व्याख्येवर होती. आणि पुढचं लोक सांगतच नाहीत, कोंबडी आल्यावर व्याख्येत भर घालावी लागली, पिसं नसलेला, दोन पायांचा आणि रुंद सपाट नखं असलेला. थट्टा झाल्यावर समोरच्याला आपलं म्हणणं दुरुस्त करायला लागलं तर ती थट्टा पास, भले कितीही कडक असो. शोपेनहाउअरने हेगेलला एवढ्या शिव्या घातल्या त्याने हेगेलचं एक वाक्य हललं का? लेक्चर मात्र शोपेनहाउअरचं रिकामं राहिलं, पोरं गेली हेगेलकडे.

शास्त्रीने माझ्या बाजूने आपल्याकडचं उदाहरण काढलं, गोरोबाकाकांचं. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईने विचारलं हे थापटणं कशाला, गोरोबा म्हणाले मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं, मग माणसांची डोकी पण तपासा की, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकेक थाप. बाकीचे शांत बसले, नामदेव चिडले, आणि निकाल लागला की हे मडकं कच्चं. आता ही थाप शब्दशः डोक्यावर होती, यापेक्षा पर्सनल काय असणार, पण ती खाऊन नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि बदलले. मिश्या म्हणाला मग मी पण थापच मारतोय. शास्त्री म्हणाला तू थाप मारतोस ती दुसऱ्या अर्थाने.

या सगळ्यात छोट्या गप्प होता. छोट्या आमच्यातला सगळ्यात लहान, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एरवी कामू कामू (तो फ्रेंच लेखक) करून डोकं खातो. स्किन क्लिअर करचा डायलॉग झाल्यावर तो मागे सरकून बसला होता ते ताईच्या लक्षात आलं. तिने त्याला दिव्याखाली बोलावलं आणि हनुवटी धरून बघितलं तर गाल लालबुंद, कातडी पातळ झालेली, बारीक लाल शिरा दिसतायत, कडेने पुरळ. काय लावतोस? छोट्याने खिशातून ट्यूब काढली, पार चिंबलेली. कुणीतरी सांगितलं म्हणून मेडिकलमधून आणलेली, पहिल्या आठवड्यात चेहरा असा काही चकाचक झाला की सोडवेना, आणि आता एक दिवस नाही लावली तर आग आग होते.

ताईने ट्यूबवरची बारीक अक्षरं मोबाईलचा टॉर्च मारून वाचली. स्टेरॉइड, सोबत बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तीन एकात. ती एकदम सिरियस झाली. म्हणाली हे चेहऱ्याला फासायचं क्रीम नाहीये, स्टेरॉइडने आधी सूज आणि लाली दबते म्हणून छान वाटतं, मग कातडी पातळ होते, पिंपल वाढतात, केस येतात, आणि बंद केलं की उसळून येतं म्हणून माणूस परत लावतो. चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं हे, तरी मिळतं. आता मनाने लावू नकोस आणि मनाने झटक्यात बंद करायच्या फंदातही पडू नकोस, उद्याच्या उद्या स्किनच्या डॉक्टरकडे चल, मी येते. लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट यातलं काहीही चेहऱ्याला लावायचं नाही, दुपारी बाहेर पडताना सनस्क्रीन, बाकी डॉक्टर सांगतील ते.

मिश्याचा चेहरा पडला. तो वाईट नाहीये, त्याला फक्त टाळ्या आवडतात. तो छोट्याला म्हणाला, ए, मी तुला नव्हतो बोलत. छोट्या म्हणाला माहितीये, पण मी पण कधी काही बोललो असतो तर हेच ऐकायला मिळालं असतं ना. माझ्या मते काल रात्रीचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे होतं. तोंडावर बोललेलं फक्त समोरच्याला लागत नाही, शेजारी बसलेला ज्याला काही विचारायचं होतं तो पण तोंड मिटून घेतो, आणि मग कट्ट्यावर फक्त चांगल्या स्किनवाले बोलणार का?

स्टोइक्यालाही ताईने सोडलं नाही. तो म्हणत होता छोट्याने मुळात चेहऱ्याचा एवढा विचारच करायला नको होता, शरीर आपल्या हातात नाही वगैरे. ताई म्हणाली तुझ्याच एपिक्टेटसचं स्वच्छतेवर अख्खं प्रवचन आहे ते वाचलंस का? त्यात तो म्हणतो की माझ्याकडे पहिल्यांदा शिकायला येणारा पोरगा केस विस्कटून मळका येण्यापेक्षा नीट केस विंचरून आलेला मला परवडेल, कारण त्याला सुंदर काय याची थोडी तरी जाण आहे, ते खरं कुठे असतं एवढंच मग दाखवायचं राहतं. स्टोइक्याने मान्य केलं, आणि म्हणाला तसंही आमच्यात तब्येत चांगली असणं हे चांगलं वाईट काहीच नसलं तरी निवडावं असं मानतात, तेव्हा फेसवॉश तत्त्वात बसतो. बघा, म्हणणं दुरुस्त झालं.

मग मी छोट्याला सॉक्रेटिसचं सांगितलं. त्याचा शिष्य झेनोफन, त्याने एका मेजवानीचं वर्णन केलंय, त्यात सॉक्रेटिस आणि क्रिटोबुलस नावाच्या देखण्या पोराची सौंदर्यस्पर्धा लागते. सॉक्रेटिसचं नाक नकटं, डोळे बटबटीत, ओठ जाड. तो आधी क्रिटोबुलसकडून कबूल करून घेतो की जी वस्तू आपल्या कामाला नीट बनलेली असते ती सुंदर. आणि मग म्हणतो, तुझे डोळे फक्त समोर बघतात, माझे बाहेर आलेत म्हणून बाजूचंही दिसतं, तुझ्या नाकपुड्या खाली जमिनीकडे, माझ्या पसरट म्हणून वास चोहीकडून येतो. चेहऱ्यावर बोलणं झालंच, पण स्वतःच्या, आणि तेही मुद्दा पुढे नेत. छोट्या पहिल्यांदा हसला, म्हणाला मग जिंकला का? मी म्हटलं नाही, गुप्त मतदान झालं आणि सगळी मतं क्रिटोबुलसला.

मिश्या लगेच उसळला, पुढचं सांग ना, हरल्यावर सॉक्रेटिस काय म्हणाला? म्हणाला क्रिटोबुलस, तुझा पैसा परीक्षकांना बिघडवणारा दिसतोय! मग ही अडतीसावी युक्ती नाही तर काय आहे? मी म्हटलं निकाल लागून गेल्यावर बोलला तो, वाद टाळायला नाही. स्टोइक्या म्हणाला हा पॉइंट मात्र मिश्याचा. शास्त्री म्हणाला थांबा, आधी छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा अर्थ फिरवणं, आणि जल्प, म्हणजे नुसतं जिंकण्यासाठी वाद घालणं, यातला फरक सांगतो. ताई छोट्याला गाडीवर घेऊन निघून गेली तरी आमचं चालूच होतं, आणि सॉक्रेटिसच्या त्या वाक्याबद्दल मी मिश्याचं अजून मान्य केलेलं नाही.