बॅरल बदलल्याने हातभरणीचे काडतूस निर्धोक होत नाही

इंदूरच्या नेमबाजांच्या आणि परवानाधारकांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. येथील कित्येक मराठी घरांतील मुले अमेरिकेत स्थायिक झालेली आहेत, तेथे हातभरणीचा, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्यांत (काडतुसाच्या पितळी कवचांत) बारूद आणि गोळी पुन्हा भरून घरीच काडतुसे तयार करण्याचा, छंद सर्रास चालतो, आणि हा संदेशही कोणाच्या तरी भाच्या-पुतण्याकडून तिकडूनच आला असावा असे त्याच्या भाषेवरून वाटते. त्याचा आशय थोडक्यात असा: पिस्तुलाची मूळ बॅरल काढून दुसऱ्या कंपनीची चांगली आफ्टरमार्केट बॅरल बसवावी, ती अधिक मजबूत असते, तिचे चेंबर (काडतूस बसते ती मागची पोकळी) पुंगळीला पूर्ण आधार देते, तिच्यातून शिशाच्या गोळ्याही चालतात आणि नेमही सुधारतो, म्हणून तिच्यात घरी भरलेले कोणतेही काडतूस, अगदी जास्त बारूद घातलेलेसुद्धा, निर्धास्तपणे वापरावे, कंपन्यांचे इशारे हे केवळ स्वतःची काडतुसे खपवण्यासाठी असतात, आणि शस्त्रपरवाना असेल तर हे सारे भारतातही करता येते. यांतील काही विधाने अर्धी खरी आहेत, आणि म्हणूनच हा संदेश धडधडीत खोट्या संदेशापेक्षा अधिक घातक आहे.

मजबुतीचा मुद्दा प्रथम घेऊ, कारण बाकी सारे त्याच्यावर उभे आहे. पिस्तुलात दाब वाढला तर सर्वांत आधी पोलादी बॅरल दगा देते असे येथे गृहीत धरलेले आहे. वस्तुतः त्या साखळीतली सर्वांत कच्ची कडी म्हणजे काडतुसाची पितळी पुंगळी होय. अमेरिकेतील सामी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने ९ मिमी ल्यूगर काडतुसासाठी कमाल दाब ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) ठरवला आहे; .४० एस अँड डब्ल्यूसाठीही तेवढाच, .४५ एसीपीसाठी २१,००० आणि .३२ एसीपीसाठी २०,५०० पीएसआय. कारखान्यातून ‘प्लस पी’ म्हणून येणारे ९ मिमीचे जोरदार काडतूसही ३८,५०० पीएसआयची, म्हणजे केवळ दहा टक्क्यांची वाढ घेते. युरोपातील सीआयपी या शस्त्रपरीक्षणाच्या मानक संस्थेच्या पद्धतीत पिस्तुलाची परीक्षा कमाल दाबाहून तीस टक्के अधिक दाबाच्या काडतुसाने होते, पण ती परीक्षा शस्त्र एकदा तावून पाहण्यासाठी असते, तो रोजच्या वापराचा परवाना नसतो. आता घरी भरताना होणारी नेहमीची चूक पाहा. पिस्तुलाच्या काडतुसात जलद जळणारे बारूद इतके थोडे लागते की पुष्कळदा पुंगळी अर्धीही भरत नाही. लक्ष विचलित होऊन एकाच पुंगळीत दोनदा बारूद पडले, तरी ते आत मावते आणि वरून गोळी बसवली की काहीच कळत नाही. बारूद दुप्पट झाले म्हणजे दाब दुप्पट होतो असेही नाही, तो त्याहून कितीतरी अधिक चढतो. त्या क्षणी बॅरल कोणत्या कंपनीची आहे याला काहीही अर्थ उरत नाही. पितळ फाटते, आणि कोंडलेला वायू मिळेल त्या वाटेने, बहुधा मॅगझिनच्या (मुठीतल्या काडतूस-पेटीच्या) दिशेने खाली, म्हणजे नेमका धरणाऱ्याच्या हाताकडे सुटतो.

शिवाय बॅरल बदलली तरी स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग), स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा) आणि फ्रेम जुनीच राहते. जास्त जोराच्या काडतुसाने स्लाइड अधिक वेगाने मागे आपटते आणि त्याचा मार या भागांना बसतो. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाच्या हाती सर्वसाधारणपणे .३२ बोअरचे पिस्तूल असते, आणि त्या प्रकारच्या पुष्कळ पिस्तुलांत बॅरल आणि स्लाइड यांना परस्परांत अडकवून ठेवणारी कुलूपरचनाच नसते. गोळी बाहेर पडेपर्यंत पुंगळीला मागे जाऊ न देण्याचे काम केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर करतात. अशा पिस्तुलात बॅरल वज्राची केली तरी जास्त दाबाच्या काडतुसापासून ती कोणतेही संरक्षण देणार नाही, कारण ज्या भागांवर सारी भिस्त आहे ते भाग तेच राहिलेले असतात.

पूर्ण आधाराच्या चेंबरविषयीचे विधान मात्र एका मर्यादेपर्यंत खरे आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. ग्लॉक कंपनीच्या जुन्या पिस्तुलाची, विशेषतः .४० बोअरची, बॅरल हातात घेऊन चेंबरच्या तोंडाशी खालच्या बाजूला पाहिले, तर मॅगझिनमधून काडतूस वर सरकण्यासाठी केलेला उतार चेंबरच्या भिंतीत थोडा आत शिरलेला दिसतो. तेवढ्या जागी पुंगळीच्या बुडाजवळचे पितळ उघडे राहते आणि गोळीबारानंतर त्याला तेथे एक फुगवटा येतो. पुंगळी बोटांत फिरवली की तो स्पष्ट लागतो. आफ्टरमार्केट बॅरलमध्ये हा उतार सहसा कमी कापलेला असतो आणि आधार वाढतो. परंतु याच गुणाची दुसरी बाजू संदेशात आलेली नाही. अशा बॅरलचे चेंबर बहुधा अधिक तंग असते, आणि हातभरणीची काडतुसे नेमकी तेथेच अडतात. एकदा फुगलेली पुंगळी पुन्हा आकारात आणणारी डाय (साचा) तिच्या अगदी बुडापर्यंत पोहोचत नाही, कारण तो भाग शेलहोल्डरमध्ये धरलेला असतो. त्यामुळे जुन्या बॅरलमध्ये विनातक्रार बसणारे काडतूस नव्या बॅरलमध्ये पूर्ण आत जात नाही. रायफलिंग (गोळीला फिरकी देणारे बॅरलच्या आतले चर) लवकर सुरू होणारी बॅरल असेल, तर थोडी लांब बसवलेली गोळी आधीच चरांना टेकते. यांतून एकतर काडतूस अडकते किंवा, क्वचित पण अधिक भयंकर, स्लाइड पुरती बंद होण्याआधीच बार उडतो. अमेरिकेतील अनुभवी मंडळी यासाठी बॅरल पिस्तुलातून काढून, चेंबरचे तोंड वर धरून, त्यात प्रत्येक नमुन्याचे काडतूस सोडून पाहतात: ते स्वतःच्या वजनाने टक् असा आवाज करून तळाला बसले पाहिजे, बोटाने फिरवले की मोकळे फिरले पाहिजे आणि बॅरल उलटी केली की आपोआप बाहेर पडले पाहिजे. ही परीक्षा मापाची आहे. आतले बारूद किती आहे हे ती मुळीच सांगत नाही, आणि फुगवटा दाबून सरळ केलेल्या पितळाची थकलेली ताकदही ती परत आणत नाही.

शिशाच्या गोळ्यांबाबत संदेश बराचसा बरोबर आहे. ग्लॉकच्या पॉलिगोनल, म्हणजे धारदार चरांऐवजी गोलसर बहुकोनी आकाराच्या, रायफलिंगमध्ये साध्या शिशाचा थर साचून दाब वाढू शकतो, म्हणून ओतीव शिसे वापरणारे तिकडे नेहमीच्या चरांची बॅरल बसवून घेतात, आणि ते शहाणपणाचे आहे. तरीही गोळीचा व्यास बॅरलशी जुळला नाही किंवा शिसे फार मऊ असले, तर चरांच्या बॅरलमध्येही शिसे साचतेच, आणि ते वेळोवेळी काढावेच लागते.

नेम सुधारण्याचा दावा मी फार गांभीर्याने घेत नाही. कारागिराने त्या एका पिस्तुलासाठी घासून जुळवलेली बॅरल आणि डब्यातून काढून थेट बसवलेली बॅरल यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात मूळच्यापेक्षा सैल जोडणीही पदरात पडू शकते.

कंपन्यांच्या इशाऱ्यांवरचा आरोप मात्र अन्यायकारक आहे. पिस्तूल बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या स्वतः काडतुसे विकत नाहीत, तरीही हातभरणीच्या काडतुसांविरुद्धची सूचना त्यांच्या पुस्तिकांत असते, कारण त्यांना त्या काडतुसाचा दाब ठाऊक नसतो आणि भरणाऱ्यालाही तो ठाऊक नसतो; घरच्या टेबलावर दाब मोजण्याचे साधन नसते. दुसरे कारण बारूद कमी पडलेल्या किंवा मुळीच न पडलेल्या काडतुसाचे आहे. तेथे केवळ प्रायमरच्या (बारूद पेटवणाऱ्या लहान टोपीच्या) जोरावर गोळी बॅरलमध्ये थोडी सरकून अडकते, नेहमीच्या धमाक्याऐवजी फुसका आवाज येतो, धक्का जाणवत नाही. घाईत खेळणारा नेमबाज स्लाइड ओढून पुढचा बार काढतो, आणि ती गोळी आधीच्या गोळीवर आदळून बॅरल फुगते किंवा फाटते. फुसका आवाज आला की थांबायचे, पिस्तूल रिकामे करायचे आणि बॅरल आरपार पाहिल्याशिवाय पुढचे काडतूस भरायचे नाही, ही शिस्त मूळ बॅरलला लागू आहे तशीच महागड्या बॅरललाही लागू आहे.

राहिले शेवटचे विधान, आणि इंदूरकरांसाठी तेच सर्वांत धोक्याचे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या दुसऱ्या कलमातील व्याख्येनुसार ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेत त्याचे सुटे भागही येतात. म्हणजे परदेशातून येणाऱ्या नातलगाच्या सामानात सहज टाकून मागवावी अशी बॅरल ही निरुपद्रवी वस्तू नाही. पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्र किंवा काडतूस तयार करणे, शस्त्रात रूपांतर करणे, त्याची दुरुस्ती करणे यांसाठी वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे तयार करण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीसाठी किमान सात वर्षांची आणि जन्मठेपेपर्यंत वाढू शकणारी शिक्षा आहे. पंचवीस-तीस वर्षांचा एखादा होतकरू मुलगा असा संदेश वाचून उत्साहाच्या भरात काय करून बसेल, या विचाराने मला खरोखर काळजी वाटते.

आणि येथे त्याला याची गरज तरी कोठे आहे? आपल्या मुलामुलींचा सराव बहुतांशी दहा मीटर एअर पिस्तूल आणि .२२ बोअर यांवर चालतो. .२२ चे काडतूस रिमफायर असते, त्याचा प्रायमर कडेच्या रिमच्या आतच असतो, आणि ते पुन्हा भरण्यासारखे नसतेच. येथून जवळच असलेल्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये सराव केलेल्या विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले, ते २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात, म्हणजे .२२ बोअरवरच. ज्यांच्याकडे .३२ चे परवानाप्राप्त पिस्तूल आहे त्यांनी कारखान्याचे सीलबंद काडतूस घ्यावे, दुरुस्ती लागल्यास परवानाधारक कारागिराकडेच जावे, आणि अमेरिकेत पाहुणे म्हणून गेल्यावर एखाद्या भाच्याने हातभरणीचे काडतूस पुढे केले, तर ते कोणी भरले, कशाने तोलले आणि ते त्याच पिस्तुलाच्या बॅरलमध्ये बसवून पाहिले का, हे नि:संकोच विचारावे. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला आहे त्यांनी तो गटातून काढून टाकावा, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.