साइडलाइन रिपोर्टर हवेतच कशाला?

परवा आमच्या ग्रुपवर एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा, विषय निघाला आणि एकानं लिहिलं, "ते साइडलाइन रिपोर्टर बंद करा राव. मध्येच येऊन कोचला 'कसं वाटतंय' विचारतात, त्यापेक्षा एक रिप्ले दाखवा." (साइडलाइन रिपोर्टर म्हणजे मॅच चालू असताना मैदानाच्या कडेला उभं राहून टीव्हीवर खबर देणारा वार्ताहर.) भराभर अंगठे पडले. मला अजिबात पटलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

३ जानेवारी २०२३ ची सकाळ. सिनसिनाटीत तेव्हा २ तारखेची रात्र. ऑफिसला निघायच्या आधी थोडी बघून घेऊ म्हणून बिल्स-बेंगल्सची मॅच लावली होती. बिल्सच्या डमार हॅमलिननं समोरच्याला टॅकल केलं, म्हणजे धरून पाडलं, उठून उभा राहिला आणि मागच्या मागे कोसळला. २४ वर्षांचा पोरगा! मैदानातच सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवायचा प्रयत्न, सुरू झाला. माझा एक मोजा पायात, दुसरा हातात. कॅमेऱ्याला दिसत होतं ते फक्त खेळाडूंनी धरलेलं कडं आणि ॲम्ब्युलन्स. खाली, त्या माणसांच्या जवळ, साइडलाइन रिपोर्टर लिसा सॉल्टर्स होती. समोर दिसत होतं तेवढंच ती सांगत राहिली, पदरचं काही घातलं नाही. त्या सकाळी माझा तिच्यावर जेवढा भरवसा होता, तेवढा दुसऱ्या कुणावर नव्हता.

म्हणूनच त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पूर्वी साइडलाइन रिपोर्टर असलेल्या करिसा थॉम्पसननं पॉडकास्टवर सांगितलं, की कोच हाफटाइमला भेटला नाही तर ती कधी कधी रिपोर्ट मनानंच रचायची, तेव्हा मला फार वाईट वाटलं. कुणाच्या तोंडी खोटं वाक्य घातलं नाही, असा खुलासा तिनं नंतर केला. पण तिच्याच क्षेत्रातल्या बायका भडकल्या आणि त्यांचं बरोबरच होतं. साइडलाइनवर काय घडलं हे ताडून बघायला आपल्याकडे दुसरं साधनच नसतं.

कोचच्या धावत्या मुलाखती मात्र खरंच बंद करा. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, कोच ग्रेग पॉपोविच एका शब्दात उत्तर देऊन मोकळा व्हायचा. (२०१४ मध्ये तिथला साइडलाइन रिपोर्टर क्रेग सेगर ल्युकेमियानं आजारी होता. त्याच्या जागी त्याचा मुलगा हातात माइक घेऊन आला, तेव्हा हाच पॉपोविच म्हणाला, तू छान केलंस, पण इथे तुझे बाबा असते तर मला जास्त आवडलं असतं.) ठरलेल्या वेळी ठरलेला प्रश्न विचारायला लावलं, की कोणाकडूनही पोकळच उत्तर येणार. त्यापेक्षा रिपोर्टरला सांगण्यासारखं काही मिळेल तेव्हाच तिच्याकडे माइक द्या.

डोक्याला मार लागलेला खेळाडू साइडलाइनवरच्या निळ्या तंबूत तपासणीसाठी जातो. बाहेर येताना हेल्मेट त्याच्या हातात होतं, की स्टाफनं काढून घेतलं होतं? तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो खेळणार की नाही, ते त्यावरून कळतं. कुठला रिप्ले दाखवणार हे?