बल्ब विजेचा धक्का अडवत नाही: एकसर जोडणीविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

पाणी तापवण्याच्या रॉडला जाणाऱ्या फेजच्या वायरमध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब एकसर, म्हणजे सिरीजमध्ये, जोडावा असे सांगणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. बल्ब वीज खाऊन टाकतो, त्यामुळे पुढे धक्का बसण्याइतकी वीज उरत नाही, बिल निम्म्यावर येते, आणि बल्ब जितक्या जास्त वॉटचा तितका तो अधिक उजळून अधिक संरक्षण देतो, असा त्याचा आशय आहे. माझ्या थोरल्या बहिणीने तो खरा मानून वायरमनला बोलावणे धाडले, तेव्हा गप्प राहणे मला शक्य झाले नाही.

बल्ब वीज खातो, ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. एकसर जोडणीत विद्युतधारेला एकच वाट असते, त्यामुळे बल्बमधून जितकी धारा जाते तितकीच रॉडमधूनही जाते. वाटेत ती कमी होत नाही. वाटले जाते ते विभवांतर, म्हणजे व्होल्टमध्ये मोजला जाणारा विजेचा दाब, आणि तेही प्रत्येक रोधाच्या, म्हणजे धारेला होणाऱ्या अडथळ्याच्या, प्रमाणात. एकूण रोध म्हणजे सर्व रोधांची बेरीज, हे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात शिकवले जाते, आणि या संदेशातला प्रत्येक दावा तपासायला तेवढे ज्ञान पुरते.

जास्त वॉटचा बल्ब अधिक उजळतो हे समांतर जोडणीत, म्हणजे घरातल्यासारखे प्रत्येक बल्बला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात तेव्हा, खरे आहे. २३० व्होल्टवर ४० वॉटच्या बल्बचा रोध सुमारे १३२० ओहम, तर १०० वॉटच्या बल्बचा सुमारे ५३० ओहम असतो. हे दोन एकसर जोडले तर विभवांतराचा मोठा वाटा ४० वॉटच्या बल्बला मिळतो आणि तोच अधिक उजळतो.

बिलाचे म्हणाल, तर ते कमी होईल, कारण पाणी तापणारच नाही. १५०० वॉटच्या रॉडचा रोध सुमारे ३५ ओहम असतो. त्याला ५३० ओहमचा बल्ब एकसर जोडला की धारा ०.४१ अँपिअरवर येते. बल्ब ८८ वॉट घेतो आणि रॉडच्या वाट्याला जेमतेम ६ वॉट उरतात. १५ लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवायला या हिशेबाने तीन दिवस लागतील, आणि बादलीतून हवेत जाणारी उष्णता मोजली तर ते पाणी कधीच तापणार नाही.

माझा खरा संताप धक्क्याविषयीच्या दाव्यावर आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून कोणीतरी चालू रॉडच्या पाण्यात हात घालेल. रॉडमधून गळती होऊन धारा पाण्यातून आणि हातातून जमिनीकडे जाऊ लागली, की बल्बशी एकसर जोडलेला रोध म्हणजे त्या माणसाचे शरीर. ढोबळ हिशेबासाठी शरीराचा रोध १००० ओहम धरतात. ओल्या अंगाचा तो त्याहूनही कमी असू शकतो. बल्बला झुकते माप देऊन त्याचा रोध पूर्ण ५३० ओहम धरला, तरी २३० पैकी सुमारे १५० व्होल्ट शरीरावर पडतात आणि १५० मिलिअँपिअर धारा शरीरातून वाहते. प्रत्यक्षात थंड फिलामेंटचा रोध तापलेल्या फिलामेंटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, म्हणजे सुरुवातीचा झटका बल्ब नसतानाच्या झटक्याच्या जवळपास असतो. मानवी शरीरावरील विद्युतधारेच्या परिणामांविषयीचे आयईसी, म्हणजे विद्युत क्षेत्रातली मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, ६०४७९-१ हे प्रकाशन पाहावे: १५० मिलिअँपिअर धारा सेकंदभर हातातून पायांकडे वाहत राहिली, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू येण्याची शक्यता मोठी असते. माणसाच्या रक्षणासाठी घरात बसवायचा आरसीसीबी, म्हणजे धारेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा असतो, तो याच कारणाने. धारा वाहतच नसेल, तर बल्बवर शून्य व्होल्ट पडतात आणि त्याच्या पुढची वायर पूर्ण २३० व्होल्टवर असते. बल्ब विझलेला दिसतो आणि वायर मात्र जिवंत असते.

या संदेशात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करावेच लागेल. दुरुस्तीच्या दुकानात सिरीज बोर्ड, म्हणजे १०० वॉटचा बल्ब एकसर जोडलेला बोर्ड, असतो आणि दुरुस्त केलेली इस्त्री किंवा मिक्सर आधी त्याच्यावर लावून पाहतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजळतो आणि धारा ०.४३ अँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे फ्यूज उडत नाही. मात्र ते संरक्षण वायरिंगचे आणि यंत्राचे आहे. जी धारा ६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे धारा फार वाढली की पडणाऱ्या स्विचला, जाणवतही नाही, ती माणसाचा जीव घ्यायला पुरेशी असते.

बहिणीच्या वायरमनला मी बल्बऐवजी वेगळे काम सांगितले आहे: न्हाणीघरातल्या सॉकेटचे अर्थिंग तपासायचे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा आणि त्याचे टेस्ट बटण दाबून तो खरोखर पडतो का हे तिच्यासमोर दाखवायचे. हे सगळे झाल्यावरही स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, हे तिला मी निक्षून सांगितले आहे.